फाटका नको, घोगरा

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. तोंडाकडे बघायला मला वेळ लागतो. हा माझा स्वभाव आहे आणि इतर ठिकाणी तो नडतो, पण वाद्यांच्या दुकानात त्याचा उपयोग होतो. डाव्या हाताच्या बोटांची टोकं कडक झालेली असली तर माणूस गिटार वाजवतो. शिवाय उजव्या हाताची पहिली दोन बोटंही तशीच असली, तर तो बेस गिटार वाजवतो, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. अशी माणसं कमी येतात. येतात ती बहुधा एकटी, दारात थोडी घुटमळतात, आणि आत दुसरं कुणी असेल तर त्याचं आधी होऊ देतात. मी स्वतः बेसच शिकले, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

दुकान एम. जी. रोडच्या मागच्या एका बोळात आहे. पुढे गिटारी टांगलेल्या, मागे पेट्या. मालक युनूसचाचा मूळचे पेटी दुरुस्त करणारे. सूर लावताना ते डोळे मिटतात, आणि तेवढा वेळ दुकानात कुणीही आलं तरी बोलायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम त्यांनी मला मी नवी असतानाच सांगितला. “क्या चाहिए, असं विचारू नको बेटा. त्याला ते माहीत असतं तर तो इथे कशाला आला असता? कुठे वाजवणार, ते विचार.”

कॉलेज संपल्यावर पुढचं काही ठरेपर्यंत म्हणून मी इथे आले होते. पुढचं अजून ठरलेलं नाही. मी इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलायचो, पण जेवणखाण, नातेवाईक, बसस्टॉप एवढ्यापुरतं. आवाजाचं मराठी मला या दुकानात कळलं. गिऱ्हाइकं येऊन सांगायची की अँप्लीफायर घरघरतो, वायर हलवली की खरखर येते, वरच्या सुराला चरचरतं, पंखा लावला की गूं वाजतं. प्रत्येक शब्दाचा बिघाड वेगळा आणि त्याचा इलाजही वेगळा. शाळेत मला या सगळ्यांसाठी एकच शब्द शिकवला होता, नॉइज.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लीफायर यांच्या मध्ये लोखंडी डब्या जोडता येतात, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठ्या. वर फिरवायची दोन-चार बटणं आणि एक खटका. हात वाजवण्यात गुंतलेले असतात म्हणून खटका पायाने दाबायचा, आणि म्हणून त्या डबीला पेडल म्हणतात. प्रत्येक पेडल आवाजाचं काहीतरी वेगळं करतं. ओव्हरड्राइव्ह नावाचं पेडल आवाज मुद्दाम बिघडवतं. शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे माइकला ओठ लावून बोलतात तेव्हा आवाज कसा फाटतो, तोच बिघाड, पण आपल्या हातात राहील एवढाच.

गिटारवाल्यांना खालच्या सुरांची फारशी गरज नसते, त्यामुळे त्यांच्या स्वस्त पेडलमध्ये खालचा भाग गाळूनच टाकलेला असतो. बेसवाल्याने तेच पेडल लावलं की आवाज बिघडतो खरा, पण बेसही जातो. मी गिऱ्हाइकांना वरणाचं उदाहरण देते. साधा आवाज म्हणजे वरण, बिघडवलेला म्हणजे फोडणी. गिटारचं पेडल बेसला लावलं तर ताटात नुसती फोडणी येते. बेससाठी असं पेडल घ्यावं, ज्यात वरण तसंच राहतं आणि फोडणी किती ते आपण ठरवतो. त्यासाठी एक वेगळं बटण असतं, त्यावर ब्लेंड किंवा मिक्स असं लिहिलेलं असतं. कमी पैशांत घ्यायचं असेल तर तेवढं एक बटण शोधावं. रंग, नाव, इंटरनेटवरचं कौतुक हे सगळं नंतर बघावं.

शरणपूरचे एक अंकल चर्चमध्ये बेस वाजवतात. त्यांना ओव्हरड्राइव्ह हवं होतं, पण ते आहे हे कुणाला कळता कामा नये, अशी अट होती. मग घेताच कशाला, असं चाचांनी विचारलं तर म्हणाले, मला आवडतं, पण प्रार्थना चालू असताना कुणी मागे वळून बघायला नको. मला ते फार पटलं. त्यांच्या पेडलची बटणं आम्ही इतकी खाली लावली की चाचांना शेवटपर्यंत फरक ऐकू आला नाही. अंकलना येत होता. ते खूश होऊन गेले.

पगारेकाकांचं उलटं होतं. आपला आवाज लोकांना कळायलाच हवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते मनमाडहून आले. रेल्वेत डब्यांच्या दुरुस्तीकडे नोकरी, वय पन्नाशीचं, बेस रेग्झिनच्या घरी शिवलेल्या खोळीत. आत येऊन ते “जय भीम ताई” म्हणाले आणि मी आपली सवयीने “हॅलो” म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “बेस ऐकू यावा म्हणून काय भेटतं? लय महागाचं नको.”

कुठे वाजवता, असं मी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची गायन पार्टी आहे. भीमगीतांचे कार्यक्रम करतात, कधी विहारासमोर, कधी भर रस्त्यात मंडप टाकून. साउंड त्या-त्या गावचा. स्पीकरचे दोन बॉक्स, दोन भोंगे, एक मिक्सर, संपलं. खालचे सूर काढणारे मोठे स्पीकर कुणाला परवडत नाहीत. त्यामुळे काका वाजवतात ते बॉक्समध्येच राहतं. दुसरीकडे कीबोर्डवाला नितीन डाव्या हाताने खालचे सूर दाबतो, ते थोडेफार ऐकू येतात. पार्टीची गाडी एकच आणि तीत जागा मोजक्या. पार्टीच्या मुख्य गायिका कुसुमताई यांनी काकांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तुमचा बेस मला शेजारी उभं राहून ऐकू येत नाही, तर पब्लिकला काय येणार, तुमच्या जागी कोरसची एखादी मुलगी बसेल.

“त्यांचं चूक नाय,” काका म्हणाले. “मलाच माझा ऐकू येत नाय. पण लग्नाच्या आधीपासून त्या गाडीत बसतोय मी.”

मग मी विचारलं की आवाज कसा हवाय.

“कुसुमताईसारखा. घोगरा. त्यांचा आवाज कसाय ताई, मोठा नाय. पण मांडवात पार मागं लेकरं घेऊन बाया बसलेल्या असतात ना, तिथवर जातो. माइक बंद पडला तरी जातो.”

घोगरा हा शब्द मी ऐकला होता, पण नक्की अर्थ सांगता आला नसता. पेडल काढायच्या निमित्ताने मागे जाऊन मी फोनवर बघितलं. इंग्रजीत जे आलं ते सर्दीचं, बसलेल्या घशाचं. माणूस पदरचे पैसे घालून आवाजाला सर्दी का करून घेईल, हे मला कळेना. पण त्याची दुसरी बाजू मला माहीत होती आणि मला ती नेहमीच गंमतीची वाटत आली आहे. सूर कधी एकटा नसतो, त्याच्या डोक्यावर त्याचेच बारीक-बारीक वरचे सूर असतात. ओव्हरड्राइव्ह त्यांना पुढे आणतं. लहान बॉक्समधून खालचा सूर येत नाही, पण ते वरचे सोबती येतात, आणि ते ऐकून कान खालचा सूर स्वतःच धरून चालतो. न आलेला माणूस त्याच्या मित्रांवरून ओळखावा तसं. म्हणजे काका बरोबर दुकानात आले होते.

तीन पेडलं काढली. काका म्हणाले, तुम्ही वाजवा, मी लांबून ऐकतो. आणि ते बोळ ओलांडून समोरच्या भांड्यांच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. कुणी मुद्दाम लांब उभं राहून मला ऐकतंय, असं तोपर्यंत कधी झालं नव्हतं. मी मान खाली घालून वाजवायला लागले. मध्ये रिक्षा, गाढवं, खाऊची गाडी. ओरडून काही कळणार नाही म्हणून काकांनी हाताने खुणा सुरू केल्या. दोन्ही हात आडवे हलवले की थांबा. एक हात सरळ वर धरला की येतंय, चालू द्या. रेल्वेच्या गार्डसारख्या खुणा.

पहिलं पेडल गिटारचं, सगळ्यात स्वस्त. हात आडवे. दुसरंही तसंच. तिसरं होतं बेसचं, मिक्सचं बटण असलेलं, कुणीतरी वापरून परत दिलेलं, म्हणून त्यांच्या आवाक्यातलं. ते लावून मी सगळ्यात जाड तार ओढली आणि समोरची टांगलेली ताटं थरथरली. भांडीवाले शेठ बाहेर आले. त्यांनी काकांशी काहीतरी चर्चा केली, मग दोघांनीही हात वर केले. एक हात ताटांसाठी असावा, थांबवा म्हणून, पण मी तो पसंतीत धरला.

काही आठवड्यांनी काका परत आले आणि त्यांनी ती डबी काउंटरवर ठेवली. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सायखेड्याला कार्यक्रम होता. पहिलं गाणं, कोरस आला, काकांनी खटका दाबला. मिक्सरवर बसलेल्या साउंडवाल्याला वाटलं, बॉक्स फाटला. या लोकांना याहून वाईट शब्द नाही. स्पीकरचा पडदा फाटला म्हणजे त्या दिवसाची कमाई गेलीच, वर दुरुस्ती. त्याने आवाज कुठून येतोय ते शोधलं आणि मिक्सरवरची काकांच्या आवाजाची सरकती पट्टी पार खाली ओढली. ती कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच. काकांना वाटत होतं आपण वाजतोय. शेवटी साउंडवाला येऊन त्यांनाच बोलला की काका, तुमच्या गिटारीपायी माझा बॉक्स जात होता. आणि कुसुमताई हसून म्हणाल्या होत्या, “पगारेभाऊ, आज तुम्ही नुसते खाजवत होता की काय?”

आता सातपूरचा कार्यक्रम होता. तो झाला की कुसुमताई गाडीतल्या जागेचं ठरवणार होत्या.

चाचा म्हणाले, परत घेतो, त्यात काय. काका खोळीच्या बंदाशी चाळा करत उभे होते. घ्या म्हणणारच होते. मी सहसा मध्ये बोलत नाही, पण मला एक गोष्ट कळत नव्हती आणि ती विचारल्याशिवाय राहवेना.

“काका, खटका तुम्ही कोरसलाच का दाबला?”

“तुम्हीच तसं दाखवलं ना दुकानात. आधी साधा, मग दाबून.”

ते खरं होतं. आम्ही सगळे तसंच दाखवतो. दुकानात फरक विकला जातो. आधी साधा आवाज, मग खटका, आणि गिऱ्हाइकाच्या भुवया वर गेल्या की झालं. यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. मग मी म्हटलं की मला कुसुमताईंचा आवाज ऐकायचाय. काका माझ्याकडे बघतच राहिले. मीही माझ्याकडे तसंच बघितलं असतं.

रविवारी दुपारी सातपूरच्या एका वसाहतीतल्या समाजमंदिरात पार्टीची तालीम होती. दारात जो भेटला तो “जय भीम” म्हणाला, मीही “जय भीम” म्हटलं आणि भिंतीला टेकून बसले. कुसुमताई अंगणवाडीत शिकवतात. ठेंगण्या, कपाळावर घाम, हातात कागद. त्यांनी मला बघितलं.

“तूच का ती दुकानवाली? आमच्या भाऊंना फाटका डबा विकणारी?”

मी काहीतरी पुटपुटले. नितीन कीबोर्डमागे हसला. काका तारा जुळवत बसले होते, ते मान वर न करता म्हणाले, “ताई, पोरगी ऐकायला आलीय, तिला ऐकू द्या.”

कुसुमताई गायला लागल्या आणि मी लक्ष देऊन ऐकलं. आवाज खरंच मोठा नव्हता. खाली भरीव, गोल, आणि वर बारीक रवा असल्यासारखा, हातावर घेतलेल्या गुळाला असतो तसा. पण मला कळलं ते गाण्यातून नाही. गाणं संपल्यावर त्यांनी चहा मागितला. चहा मागतानाही तो रवा होता. नितीनला सूर चुकला म्हणून टोचून बोलल्या तेव्हाही होता. फोनवर कुणालातरी हळू आवाजात कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या तेव्हाही होता.

फाटतो तो आवाज मध्येच, एकदम फाटतो. आधी बरा असतो आणि मग काहीतरी होतं. घोगरा आवाज घोगराच असतो, त्याला काही झालेलं नसतं. मी इंग्रजीतून विचार करताना दोन्ही एकाच खणात टाकले होते. काकांनी दुकानात पहिल्या पाच मिनिटांत नेमका शब्द दिला होता आणि मी त्यांना खटका दाबायला शिकवून पाठवलं होतं.

चहाच्या सुट्टीत मी काकांजवळ गेले आणि पेडलची बटणं फिरवली. बिघाड अगदी कमी. मिक्स निम्म्याच्या जरा अलीकडे. वरचा टोकदारपणा काढून टाकला. मग सांगितलं की साउंडवाला यायच्या आधी खटका दाबायचा आणि घरी जाईपर्यंत परत हात लावायचा नाही. म्हणजे पाय.

“साधा आवाज त्याला ऐकूच द्यायचा नाही?”

“नाही. त्याला तुमचा आवाज असाच माहीत असू दे.”

काकांनी थोडा विचार केला. “मग याला खटका कशाला दिलाय?”

“दुकानासाठी,” मी म्हटलं.

ते एवढ्या जोरात हसले की कुसुमताईंनी वळून बघितलं. मग त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, रेल्वेची, आणि खटक्यावर आडवी-उभी अशी लावून टाकली.

कार्यक्रमाला मी जाणार नव्हते. सांगायचं झालं तर मी घरी तसं सांगितलंही होतं. पण त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी सातपूरला होते. मंडप भरत होता. साउंडवाला दुसरा, तरुण, कानाला पेन्सिल. एकेकाला वाजवायला सांगून तो पट्ट्या लावत होता. ढोलकी झाली, नितीन झाला. मग काकांचा नंबर आला. काकांनी एक सूर वाजवला. साउंडवाल्याने मान तिरकी केली. पुन्हा वाजवायला सांगितलं. मी मिक्सरच्या मागेच, खुर्च्यांच्या ढिगाशी उभी होते, आणि त्याचं बोट पट्टीवर होतं ते मला दिसत होतं.

“काका,” तो माइकवरून म्हणाला, “आवाज जरा घोगरा वाटतोय.”

“माझा तसाच आहे,” काका म्हणाले.

“बरं,” असं म्हणून त्याने पट्टी वर नेली आणि पुढच्याला बोलावलं.

दुकानात इतकी वर्षं झाली, पण एखाद्या शब्दाची मी अशी वाट बघत उभी राहिले असं त्याआधी झालं नव्हतं. त्याने फाटला म्हटलं असतं तर संपलं होतं. काकांची गाडी, आणि माझंही काहीतरी.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी मंडपाच्या पार मागे गेले, जिथे बायका लेकरं घेऊन बसतात. एका बाईने सतरंजीवर सरकून मला जागा दिली, पण मी उभीच राहिले. पहिल्या गाण्याला सुरुवात झाली. ढोलकी, भोंग्यातून टाळ्या, कुसुमताईंचा आवाज. आणि त्या आवाजाच्या खाली, त्याच जातीचा दुसरा एक. आधी मला वाटलं, मला हवंय म्हणून ऐकू येतंय. मग शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू त्या सुरांबरोबर टाच आपटताना दिसलं. ढोलकीबरोबर नाही, बेसबरोबर. बेस ढोलकीपेक्षा किंचित मागे चालतो, फरक कळतो.

दोन गाण्यांच्या मध्ये कुसुमताई माइक बाजूला धरून काकांना काहीतरी म्हणाल्या. ते मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या होत्या, “भाऊ, घसा बसला का तुमचा? बसलेलाच राहू द्या.”

काका मंडपाच्या टोकाकडे, अंधुक उजेडात बघत होते. एवढ्या गर्दीत मी त्यांना दिसणं अवघड होतं. चारचौघांत हात वर करणं मी शाळेतही टाळायचे, उत्तर येत असलं तरी. मी हात सरळ वर केला आणि तसाच धरून ठेवला. त्यांनी बघितलं की नाही, माहीत नाही. पुढचं गाणं लगेच सुरू झालं.

त्या गाण्यात मी सवयीने हातांकडे बघितलं. काकांची दोन बोटं चालत होती, पाय पेडलपासून लांब होता. पलीकडे नितीन एकाच हाताने कीबोर्ड वाजवत होता. त्याने डावा हात कमरेवर ठेवला होता.